यादीत नसलेली ट्रायल

बाबांची गाडी डावीकडे ओढायची. सेनगावच्या रस्त्यावर एका खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं, तेव्हापासून. स्टिअरिंग सतत थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागे, आणि बाबा ते चार वर्षं तसं धरून होते. समोरून मोठं वाहन आलं की ते फक्त मूठ सैल सोडायचे. गाडी आपसूक बाजूला उतरायची. "गाडी शहानी हाय माही, साईड दे म्हनून सांगावं लागत न्हाई," असं कौतुक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आमच्या गावात, गोरेगावात, कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाला साप चावला, की लोक आधी आमच्या दारात येत. किराणा दुकान अर्धं उघडं टाकून हा माणूस गाडी काढी.

मला त्या गाडीचा राग यायचा. मी हिंगोलीत नोकरी करते, माझी स्वतःची गाडी आहे, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा "बाजारातून येते" म्हणून चावी घेतली आणि बाबांची गाडी हिंगोलीच्या अलाइनमेंटवाल्याकडे नेली. त्यांना सांगितलं नाही. त्यांनी खर्चाला नाही म्हटलं असतं. शिवाय मला त्यांना चकित करायचं होतं.

जाण्याआधी मोबाइलवर वाचून मी यादी केली होती. आधी चारही चाकांची हवा. मग खालचे सांधे ढिले आहेत का ते बघणं, कारण ते ढिले असतील तर पुढचं सगळं वाया. मग चाकांना यंत्र लावून कोन जुळवणं, स्टिअरिंग मधोमध आणणं, आणि आधीचा नि नंतरचा असे दोन छापील कागद. बॅलन्सिंग हे वेगळं काम, त्याचे पैसे वेगळे. मिस्त्री साठीच्या आसपासचा होता. त्याला मी एकेक कलम विचारलं. अलाइनमेंटचे पाचशे, बॅलन्सिंगचे चाकामागं शंभर, असा भाव त्याने सांगितला. भाव रास्त होता, तरी मी घासाघीस करून शंभर कमी केले. बाई बघून फसवायला निघालेल्या माणसाला आपण पुरून उरलो, असं मला वाटलं.

काम त्याने मन लावून केलं. पडद्यावरचे लाल आकडे एकेक करून हिरवे झाले. मी चावी मागितली तर देईना.

"ताई, गाडी रोज कोन चालवतं?"

"वडील."

"मंग त्यायला घेऊन या. ट्रायल त्यायनंच घ्यायला पायजे. त्यायच्या हाताला..."

"मला चालवता येते गाडी," मी म्हणाले.

"तसं न्हाई ताई, तुमी चालवताच, पन..."

हे "पन" मी जन्मभर ऐकत आले आहे. बँकेत, शेताच्या मोजणीत, घर भाड्याने घेताना. घरात कुणी गडीमाणूस न्हाई का. माझं डोकंच फिरलं. पैसे टेबलावर आपटले, चावी हिसकावली आणि निघाले. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर स्टिअरिंगवरचे हात काढून बघितले. गाडी सरळच्या सरळ. दोन्ही कागद पर्समध्ये ठेवले. बाबांना आपणहून फरक जाणवला की ते त्यांच्या हातात द्यायचे, असं ठरवून संध्याकाळी चावी खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आईला घेऊन कनेरगाव नाक्याकडे, मावशीच्या घरी निघाले. थोड्या वेळाने फोन आला.

आईचा खुबा मोडला होता. नांदेडच्या दवाखान्यात तिने मला सांगितलं, "गाडी आज लई हलकी चालून राहिली, असं म्हनत व्हते. समोरून टेम्पो आला. ह्यायनं नेहमीसारखा हात सैल सोडला. पन गाडी बाजूला झालीच न्हाई बाई. मंग घाबरून एकदम वढली, न् मोरीच्या कठड्यावर गेलो."

मी तिच्या खाटेच्या पायाशी उभी होते. पर्स खांद्याला होती. त्या मिस्त्रीचं अर्धवट तोडलेलं वाक्य मला तिथे पूर्ण ऐकू आलं. त्यांच्या हाताला जुनी सवय आहे, ती मोडू द्या, मग गाडी न्या. एवढंच सांगायचं होतं त्याला.

बाबांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. डॉक्टरांना, पोलिसांना, मावशीला, त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "हात सोडला असं मला वाटलं, पन हातानं ऐकलंच न्हाई. म्हातारा झालो." मी तेव्हाच बोलायला हवं होतं. म्हटलं, आईचं ऑपरेशन होऊ दे. मग म्हटलं, ती घरी येऊ दे. मग गाडी भंगारात गेली. आता मी कारणं शोधत नाही. मी भित्री आहे, इतकंच. खरं कळलं तर बाबा रागावणारही नाहीत, उलट माझीच समजूत काढतील, आणि ते मला सोसणार नाही.

बाबा आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. माझ्या लेकराला जवळ घ्यायचं तर आधी भिंतीला टेकून खाली बसतात. मध्यंतरी शेजारच्या गल्लीत एका बाईला कळा सुरू झाल्या, लोक सवयीने आमच्या दारात आले, तर बाबा उठून आतल्या खोलीत गेले. गाडी दुसऱ्याची मिळाली असती, चालवणारा त्यांना हवा होता. ती माणसं परत फिरली. मी ओट्यावरच बसून होते.

परवा आईला खुर्चीवरून उठवायचं होतं. बाबा तिच्या शेजारीच होते, मी दारात. त्यांनी हात पुढे केले, तिच्या दंडापर्यंत नेले आणि मागे घेतले.

"तू धर बाई," ते मला म्हणाले. "माह्या हाताचा भरवसा न्हाई आता."

मी पुढे झाले आणि आईला धरलं.