डावी पाकळी

देवाकडे पाठ करून मी आयुष्यात कधी गाभाऱ्याबाहेर आलो नाही. उलटी पावलं टाकत उंबरठ्यापर्यंत यायचं, मग वळायचं. बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. शाळा मी तिसरीत सोडली, पण या कामात मला चूक दाखवील असा माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता. चूक मी माझ्या हाताने केली, तीच लिहितो आहे.

आम्ही कोकणातले गुरव. देऊळ एक, घरं चार, एकेका घराची महिनाभर पाळी. ज्याची पाळी त्याने सकाळी आंघोळ करून ओल्या पावलांनी आत जायचं, देवाला उठवायचं, न्हाऊ घालायचं, नेसवायचं, नैवेद्य दाखवायचा. माझ्या घराकडे चैत्र, श्रावण आणि मार्गशीर्ष.

बायको गेली, पाठोपाठ गुडघे गेले. हॅनोव्हरला असलेल्या मुलाने हट्ट धरला, आता कायमचे इकडे या. पण देवाला विचारल्याशिवाय गुरवाने गाव सोडायचा नाही. चैत्राच्या शेवटच्या दिवशी मी कौल लावला. दोन ओल्या पाकळ्या देवाच्या छातीवर चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सकाळी लावल्या, दुपार टळली, एकही हलेना. असं मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर चारी घरची माणसं खोळंबलेली, तिकीट काढलेलं, आणि मला न्यायला आलेला मुलगा दारातून सारखा घड्याळ बघत होता. मी बोटाने उजवी पाडली. उलटा चालत बाहेर आलो आणि म्हणालो, "उजवा दिला." कुणी काही विचारलं नाही. माझ्या शब्दावर कोण विचारणार?

श्रावणाची पाळी थोरल्या चुलतभावाने उचलली. कार्तिक लागला तसा त्याचा फोन आला.

"मार्गशीर्षाला येतोस का? येत नसलास तर पाळी सोडली म्हणून फोनवरून देवासमोर सांग. पुढे तुझ्या घरात कोण आहे? आम्ही तीन घरं सांभाळू. देवाने तुला सोडलेलंच आहे."

आठ दिवसांत सांगतो म्हटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, सांगून टाका, मोकळे व्हा." म्हणजे पिढ्यांची पाळी जाणार ती माझ्या एका बोटाच्या जोरावर. हे त्याला सांगायची माझी छाती होईना. मी जेवणात मीठ नाही म्हणून सुनेवर खेकसलो. मीठ होतं.

सून पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी म्हणाली, "अहो बाबा, आठवडाभर त्या हीटरकडे बघत बसलायत. चला, म्युझियममध्ये इजिप्तचं सेक्शन आहे. देवळांचंच आहे सगळं, तुमच्या लाइनमधलं."

"मेलेल्या देवांचं काय बघायचं?"

"मग घरी बसून माझ्या भाजीला नावं ठेवा."

गेलो. एक जर्मन पोरगी माहिती सांगत होती, सून मला मराठीत सांगत होती. पहिल्यांदा मी नुसती मान हलवत होतो. मग ती म्हणाली, तिकडे देऊळ म्हणजे देवाचं राहतं घर. लोकांनी आत जायचं नाही, अंगणापर्यंत यायचं. बाहेर बोलायला एक दगड, त्यावर नुसते कान कोरलेले. तसा दगड तिथे होता. तोंड नाही, डोळे नाहीत, कानच कान. आत फक्त पुजारी जायचे, अंगावरचा केस न् केस काढून, तळ्यात बुडी मारून. सकाळी दारावरचा मातीचा शिक्का फोडायचा, देवाला उठवायचं, नेसवायचं, जेवू घालायचं. देवाचं जेवण झालं की ते ताट पुजाऱ्यांत वाटायचं. देवाची जमीन वेगळी, कोठारं वेगळी, भाकरी भाजणारे आणि कापड विणणारे वेगळे. अर्धा गाव देवाच्या चाकरीत.

"आणि बाबा, पुजाऱ्यांचे चार गट होते. एकेक महिना एकेकाचा."

"काय म्हणालीस?"

"चार. महिनामहिना. तुमच्यासारखंच!" ती हसली. "आणि बाहेर पडताना पुजारी झाडूने स्वतःची पावलं पुसत मागे यायचा. आत माणूस आला होता याची खूण राहायला नको."

त्या पोरीमागे देवाचं दगडी घर होतं, माझ्या छातीइतकं उंच. दोन झडपांच्या बिजागऱ्या जिथे फिरायच्या, तिथे दगड झिजून वाटीसारखा झालेला. ती झीज मी ओळखतो. रोजच्या उघडझापीशिवाय दगड तसा झिजत नाही. आत रिकामं.

मी सुनेला म्हटलं, "विचार तिला, शेवटच्या दिवशी दार कुणी लावलं? आणि देवाला सांगून गेला का?"

"बाबा, असं कसं विचारू?"

"का? जर्मनमध्ये शब्द नाहीत?"

तिने विचारलं. पोरीने त्या दगडी घराकडे बघत उत्तर दिलं. सून मला म्हणाली, "ती म्हणते, ते कुठे लिहिलेलं नाही. कारण लिहिणारेही तेच पुजारी होते."

बुधवारी मी एकटाच ट्रामने गेलो. का ते विचारू नका. सकाळपासून पाऊस, बूट चिंब. आत कुणी नव्हतं, शेजारच्या दालनात एक रखवालदार खुर्चीवर. मी त्या दगडी घरासमोर उभा राहिलो. हात जोडले नाहीत, देव माझा नव्हे. नुसता उभा. मग वास आला. रात्रभर बंद असलेला गाभारा सकाळी उघडला की येतो तोच, ओला दगड आणि जुनं तेल. काचेच्या इमारतीत, जिथे धूळसुद्धा नाही, तिथे. मला वाटलं, आता आतून कुणीतरी विचारणार, आज उशीर का केलास?

सवयीने मी उलटी पावलं टाकत निघालो. दारापाशी येऊन खाली पाहिलं. शेजारच्या दालनातून आलेली माझी ओली पावलं उंबऱ्यापर्यंत स्पष्ट होती. उंबऱ्याच्या आत एकही नव्हतं, ना जाताना उमटलेलं, ना येतानाचं. फरशी कोरडी ठणठणीत. मी बुटाचा तळ चाचपला, पाणी गळत होतं.

रखवालदाराला बोटाने दाखवलं. तो उठला, बघितलं, खांदे उडवले. "हायत्सुंग," म्हणाला. म्हणजे हीटर. परत खुर्चीकडे जाताना मात्र तो त्या उंबऱ्याला लांबून वळसा घालून गेला.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर उभा राहूनच चुलतभावाला फोन लावला. तिकडे आरतीची वेळ, मागे घंटा ऐकू येत होती.

"दादा, कौल देवाने दिला नव्हता. उजवी मी पाडली."

घंटा थांबली. मग म्हणाला, "जर्मनीला जाऊन खरं बोलायला शिकलास होय?"

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी वैशाखाची पाळी माझी. देवाला न्हाऊ घातलं, डावी पाकळी निघेना. अजून तिथेच आहे. रोज न्हाणाचं पाणी पडतं, तरी निघत नाही, सुकतही नाही."

"सात महिने? मग बोलला का नाहीस?"

"तू काय सांगतोस त्याची वाट बघत होतो. मी एकटा नव्हतो वाट बघत." आणि त्याने फोन ठेवला.

मुलगा म्हणतो, डिंक असेल, चीक असेल, दगडाला बुरशी धरली असेल. असेल. इथे हायत्सुंग होतं, तिथे डिंक असेल. सुनेने माझं तिकीट काढलं आणि लोकरीचे पायमोजे बॅगेत भरले. मी ते काढून ठेवले. आमच्या सोवळ्यात लोकर चालते, पण इजिप्तच्या त्या पुजाऱ्यांना चालत नव्हती म्हणे.

मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी दार मी उघडणार. पाळी माझ्याकडे ठेवू का, ते नव्याने विचारीन. उजवी लावीन. डावी आहेच तिथे. आणि संध्याकाळ होवो की दोन दिवस जावोत, हात पाठीमागे बांधून उभा राहीन.