शून्य रोपांचा अर्ज

"शून्य? दाएंग, तुमी शून्य लिवल्यात?"

"हय. शून्यच लिवलंय."

"पण ह्यो कंप्युटर शून्य घेणा नाय. बघा, चौकट लाल होता."

"मगे तुझो कंप्युटर खुळो. कागदार लिव आणि पोस्टान धाड."

बोंतोसालूच्या ग्रामकचेरीतलं हे बोलणं. कंप्युटरपुढं बसलेला दाएंग तोम्पो कचेरीचा कारकून; दाएंग हे आमच्याकडचं मानाचं बोलावणं. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर ओले हात टेकून उभी होती ती दाएंग कानांग. समुद्रात वाढवायचं शेवाळ दोऱ्यांना बांधायचं काम अर्धं सोडून आली होती, त्यामुळं तिच्या लुंगीतून खारं पाणी टपटपत होतं आणि तोम्पोचा जीव खाली पसरलेल्या वायरींत अडकला होता.

लाल होणाऱ्या चौकटीत प्रश्न होता, 'किती रोपे लावणार?' मकासार शहरातल्या एका संस्थेनं किनाऱ्यावर तिवरांचं रान उभं करायला पैसे काढले होते. शेजारच्या गावानं पन्नास हजार रोपं लिहिल्याची बातमी आदल्या दिवशीच होडीवरून आली होती.

"धा हजार तरी लिवा," तोम्पो काकुळतीला आला. "शून्याक पैसे कोण देतलो?"

"ज्याका डोळे आसत तो देतलो."

कानांग पाचवीपर्यंत शिकलेली. अर्ज लिहायचा नाद तिला लागला तो रागापायी. तोम्पोच्या आधीच्या कारकुनानं गावच्या बायांसाठी होडीचा अर्ज केला आणि गावाचं नाव चुकवलं. होडी आली, पण पलीकडच्या गावाच्या धक्क्याला लागली, आणि तिथल्या बाया तीत बसून हिच्यासमोरून मासळी बाजाराला गेल्या. तेव्हापासून बायांच्या गटाचा प्रत्येक अर्ज कानांग स्वतः लिहायची. तिचं लिहिणं म्हणजे पोराला दम दिल्यासारखं. आम्हाला टाकी पाहिजे, कारण विहीर खारी झाली, येऊन चाखून बघा. टाकी आली. शेवाळ वाळवायच्या मांडण्या आल्या. रोपांचे पैसे तर तीनदा आले, तीन वेगळ्या संस्थांचे.

ती रोपं आम्ही लावली गावासमोरच्या उघड्या चिखलात. चिखल मऊ, घरापासून जवळ, आणि पाहुण्यांना धक्क्यावरनं फोटोही झकास मिळायचा. रोपामागं मजुरी होती, म्हणून म्हाताऱ्यासुद्धा लुंगी खोचून उतरायच्या. पण तिथं पाणी दिवसातला बराच वेळ कमरेएवढं उभं असतं. चार महिन्यांत देठांना पांढरी खरखरीत शिंपली चिकटायची, देठ वजनानं वाकायचे, आणि उरलेलं काम लाटा करायच्या. मग पुढची संस्था यायची आणि आम्ही त्याच भोकांत नवी रोपं खोचायचो. कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. कानांगलाही नाही. तिनं तिन्ही वेळा अहवालात लिहिलं, शंभरातली नव्वद जगली. मोजणी लावल्याच्या संध्याकाळी झालेली, तेव्हा जिवंत होतीच.

तिचे डोळे उघडले ते हाजी बुंदूच्या तळ्यापाशी. गावाच्या पश्चिमेला, घरं आणि समुद्राच्या मधे, हाजींची कोळंबीची जुनी तळी आहेत. कोळंबीला रोग लागला तसा हाजींनी धंदा सोडला. बांध तेवढे राहिले, आत भेगाळलेली उघडी जमीन. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात उत्तरेकडच्या एका तळ्याचा बांध फुटला, तो कुणी बुजवला नाही. कानांग तिकडं कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला जायची. एका वर्षी तिला तिवरांचे कोंब दिसले. दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी झाडं. मग एकदा कुर्लीमागं शिरली, आणि बाहेर यायला वाट शोधावी लागली, एवढं रान.

आणि तळ्यांच्या समुद्राकडचा मोठा बांध आता पोखरत चालला होता. पश्चिमेचा वारा लागला की दर साली चार हात ढासळायचा. तो एकदम गेला, तर उघड्या तळ्यांवरून लाट सरळ काठावर खांबांवर उभ्या अकरा घरांना भिडणार. त्यात एक घर कानांगचं. त्याआधी तळ्यांत झाडं उभी राहायला हवी होती. म्हणून तिचा अर्ज असा: आतले बांध सात जागी कापायचे, जुन्या ओहोळांची तोंडं मोकळी करायची, भरतीला आत येऊ द्यायचं. बी पाण्याबरोबर येतं. पैसे पाहिजेत ते खणणाऱ्या गड्यांना, कारण ते वीस दिवस मासेमारीला जाणार नाहीत. हाजींची सही जोडली आहे. रोपं शून्य.

गटातल्या बायांना हे कळलं तेव्हा ओसरीवर शेवाळ बांधता बांधता दाएंग न्गाईनं तोंड सोडलं. ही कानांगची लहानपणची मैत्रीण, आणि जीभ सुरीसारखी.

"काय गो कानांग, रोपाक मजुरी गावायची. शून्याक किती गावतली?"

"तुझ्या घराचे खांब रवतले, ती मजुरी."

"खांब माझ्या घोवान रोवलेले आसत. तो गेलो तरी ते हलले नाय."

"तो गेलो तुझ्या तोंडाक कंटाळून. खांबांका पाय नाय, म्हणान रवले."

बाया दोऱ्या टाकून हसल्या. न्गाईपण हसली. पण मजुरीची गोष्ट कुणाच्या मनातून गेली नाही, ते कानांगलाही कळत होतं.

तीन आठवड्यांनी संस्थेची बाई आली. इबू म्हणजे बाईसाहेब; ही इबू युल्तिन, डोंगराकडची, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बगलेत जाडजूड फाईल. तिला ओसरीवर बायांच्या बाकड्यावर बसवलं, कॉफी दिली, तळलेली केळी दिली. तिनं केळं संपवलं, बोटं पुसली आणि फाईल उघडली.

"तुमचे जुने तीन अहवाल मी मागवून घेतले. शंभरातली नव्वद जगली असं लिहिलंय. एवढी जगतात, तर आता शून्य कशाला? अजून लावा की."

तोम्पो शेजारीच बसला होता. त्यानं खालून कानांगच्या पायाला पाय लावला. त्याचं म्हणणं न बोलताच समजत होतं: सांगा, जागा संपली, मजूर नाहीत, काहीही सांगा. खरं बाहेर पडलं तर गटाला कुठलीच संस्था दारात उभं करणार नव्हती. टाकी दुरुस्तीचा अर्ज तर अजून लिहायचा होता.

कानांगनं पाय बाजूला घेतला.

"ता खोटा आसा, इबू. माझ्याच हातान लिवलंय."

"म्हणजे किती जगली?"

"तुमी जरा उठा."

इबू युल्तिन गोंधळून उठली. कानांगनं बाकड्यावरची चटई ओढली. खाली निळा पत्रा होता. त्यावर आधीच्या एका संस्थेची खूण, हात जोडलेलं झाड, आणि मोठ्या अक्षरांत: येथे बारा हजार रोपे लावली.

"ह्यो फलक तेवढो जगलो," कानांग म्हणाली. "दुसरो फलक न्गाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यार आसा. तिसरो लाटेन नेलो."

न्गाईनं तोंडावर हात धरला. इबू युल्तिननं वाकून पत्र्यावरची अक्षरं वाचली. मग शांतपणे म्हणाली, "हे मला लिहून द्याल? सहीनिशी?"

"कानांग, नको गो," न्गाई कुजबुजली. मघाची चेष्टा तिच्या आवाजात नव्हती.

"कागद दे रे, तोम्पो."

तिनं तिथंच लिहिलं. सही केली. कॉफीचा डाग पडला तो फुंकून वाळवला आणि कागद इबूच्या हातात दिला. "आता चला. ओहोटी आसा तवर दाखवतंय. मगे तुमचे बूट भरतले."

उत्तरेच्या तळ्याकडं बांधावरून वाट आहे. फुटक्या बांधाशी दोघी उतरल्या, मागून तोम्पो. आत डोक्याच्या वर झाडं. खाली चिखलातून बोटांसारखी वर आलेली मुळं, त्यांच्यामधे कुर्ल्यांची भोकं.

"ही कुणी लावली?"

"कोणी नाय. बांध फुटलो, पाणी इला, पाण्यान आणल्यान. व्हयी तर मोजा."

इबू युल्तिननं खरंच मोजायला सुरुवात केली. चार पावलं लांब, चार पावलं रुंद एवढा तुकडा दोरीनं आखला. चाळीसपर्यंत गेली, एका बुटात चिखल शिरला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कानांग तोवर कुर्लीच्या भोकात हात घालून बसली होती. एक मोठी कुर्ली धरून तिनं नांग्या गवतानं बांधल्या आणि तोम्पोच्या हातात दिली. "इबूच्या जेवणाक."

परतताना इबू म्हणाली, "समितीत विचारतील. शून्य बघितलं की कागद बाजूला ठेवतात ते. आणि तुमची ही कबुली बघितली की अजूनच."

"मगे तेंका हंय घेवन या. बाकडो आसा बसाक."

इबू युल्तिन एवढा वेळ हसली नव्हती, ती हसली.

दीड महिना काही कळलं नाही. बाया विचारायच्या बंद झाल्या, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. मग एका सकाळी तोम्पो कागद हलवत धक्क्यावरून आला. कानांग ओसरीवर त्याच निळ्या पत्र्यावर बसली होती, मांडीवर दोरी, शेजारी ओल्या शेवाळाची टोपली.

"दाएंग, मंजूर! पण सात नाय. तीनच जागी कापूक पैसे. बाकीचे चार एका वरसान, झाडां बघून. आणि मोजणी तेंच्या माणसासमोर, बारा महिन्यांनी. मेलेली पण लिवची."

"तीनच?" शेजारी दोरी बांधत बसलेली न्गाई म्हणाली. "इतको कबुलीजबाब देवन तीनच?"

कानांगनं दोरीतून नजर काढली नाही. एक फुटवा फासात सरकवला, गाठ ओढली.

"राखणदाराच्या खोपटीकडे एक. वाकड्या माडाकडे एक. आणि मोठ्या ओहोळाच्या तोंडाक एक. थंयसून पाणी सगळ्या तळ्यांत फिरता. बाकीचे चार नाय कापले तरी पयल्या सालाक चलता." मग तोम्पोकडं बघितलं. "परवा अमावास्या. ओहोटी मोठी गावतली. गड्यांका आजच सांग. आणि न्गाईच्या धाकट्या भावाक पयलो घे, तेचो फावडो बरो चलता."

न्गाईनं टोपलीतून मूठभर शेवाळ घेतलं आणि पुढची दोरी ओढली.

"आणि टाकीच्या दुरुस्तीचा अर्ज?" तोम्पोनं विचारलं.

"दुपारी येतंय. वायरी वर उचलून ठेव."

तो गेला. भरती ओसरीखालच्या खांबांना लागत होती, आणि शेवाळाच्या होड्या निघायच्या आत अजून सहा दोऱ्या व्हायच्या होत्या. कानांगनं टोपली पायानं जवळ ओढली.