नागरिकांनीही मान्य केले

नगरपालिकेच्या सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, भिंतीला चिकटून एक लहानसं टेबल होतं. त्या टेबलाशी सव्वीस वर्षं एकच बाई बसत आल्या होत्या. सभेत कोण काय बोललं ते लघुलिपीत टिपून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी त्यावरून कार्यवृत्त तयार करायचं आणि अध्यक्षांची सही घ्यायची, एवढं त्यांचं काम. सगळे त्यांना टिपणबाई म्हणत. अध्यक्ष आले नि गेले, पंखे बदलले, खुर्च्यांच्या गाद्या दोनदा बदलल्या; टिपणबाई आपल्या जागी होत्या. स्वतः मात्र त्या सभागृहात त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

इतकी वर्षं ऐकून त्यांना माणसांच्या बोलण्याच्या खोडी पाठ झाल्या होत्या. ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून उठणारा अर्धा तास खाली बसत नाही, म्हणून तो उठला की त्या नवी पेन्सिल हातात घेत. ‘यात माझा वैयक्तिक काही संबंध नाही’ असं कुणी म्हटलं, की तो संबंध पुढच्या पाच मिनिटांत बाहेर येई. ‘लोक म्हणतात’ यातले लोक बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्याच घरात राहत. आणि ज्याला खरोखर काही सांगायचं असतं तो चाचरतो, भलतीकडूनच सुरुवात करतो, मधेच थांबून माफी मागतो. हे सगळं बाईंना ठाऊक होतं. तरीही व्हायची ती चूक झालीच.

त्याला कारण त्यांचं कसब. तासाभराच्या घोळातून दोन गोळीबंद वाक्यं काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधीचे एक अध्यक्ष तर म्हणत, की बाईंच्या हातून गेलं की आमचं बोलणं शहाणं होतं. ते ऐकून बाई खाली बघत, पण मनातून सुखावत. हळूहळू ही सवय घरीही आली. नवरा गेल्यापासून घरात त्या, त्यांची मुलगी आणि सासरे अशी तिघं. सासरे सकाळी चहा घेताना रात्री झोप का लागली नाही ते सांगायला बसत. खिडकीपासून सुरुवात, मग उशी, मग शेजारचं कुत्रं, मग उगाच आठवलेला कुणी जुना सोबती. बाई कप विसळता विसळता म्हणत, “म्हणजे गुडघा दुखत होता.” सासरे उरलेला चहा संपवून उठत. म्हणणं अगदीच खोटं नसे, त्यामुळे वाद घालायलाही जागा नसे. मुलगी एकदा वैतागून म्हणाली होती, की आई, मी काय म्हणाले ते मलाच नको सांगूस. बाईंनी ते हसण्यावारी नेलं.

त्या वर्षी कालव्यावरच्या लोखंडी पादचारी पुलाचा विषय निघाला. पूल जुना झाला होता, फळ्या खिळखिळ्या झाल्या होत्या. तो बंद करून पाडावा असा प्रस्ताव होता आणि त्यावर नागरिकांचं म्हणणं ऐकण्यासाठी दुपारची सुनावणी ठेवली होती. नागरिक म्हणून आला एकच जण. कालव्यापलीकडे किल्ल्या बनवण्याचं दुकान असलेला, साठीच्या आसपासचा माणूस. तो उठला आणि दुसऱ्याच वाक्याला कुलपांवर गेला. सदस्यांत खसखस पिकली. अध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवली. तो गडबडला, माफी मागितली, आणखी दोन-तीन वाक्यं बोलून बसला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कार्यवृत्त केलं. किल्लीवाल्याच्या बोलण्यातून कुलपं गाळली, माफी गाळली, आणि उरलं ते असं लिहिलं: ‘पूल धोकादायक असल्याचे नागरिकांनीही मान्य केले.’ अध्यक्षांनी सही केली. पुढच्या सभेत त्याच वाक्याचा आधार घेऊन ठराव झाला आणि आठवड्याभरात पुलाच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकले गेले.

दीड महिन्यानंतर एका सकाळी किल्लीवाला बाईंच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आवाज चढवायला आलेला माणूस दारातूनच ओळखू येतो. हा तसा नव्हता. सुनावणीत आपण काय बोललो ते वाचून दाखवाल का, एवढंच त्यानं विचारलं. बाईंनी फाइल काढून ते वाक्य वाचलं. त्यानं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. “पण ताई, हे मी बोललो नव्हतो.”

मग त्यानं सांगितलं. पूल बंद झाल्यावर पलीकडची मुलं मोठ्या रस्त्यानं वळसा घालून शाळेत जातील असं पालिकेनं धरलं होतं. मुलं गेली नाहीत. कालव्यावरून पाण्याचा जाड पाइप जातो, त्याच्यावरून ती तोल सावरत जायला लागली. परवा त्याची नात घसरली. कालव्याला पाणी कमी होतं म्हणून जिवावरचं हातावर निभावलं. हात दोन जागी मोडला होता.

तो गेल्यावर बाईंनी कपाटातून त्या दिवसाची वही काढली. लघुलिपीतली वही त्या एरवी परत उघडत नसत. कार्यवृत्त झालं की तिचं काम संपलं. आता त्या एकेक रेघ वाचत गेल्या. हातानं काहीही सोडलं नव्हतं. किल्लीवाल्याची माफीसुद्धा होती. तो म्हणाला होता:

“पूल धोक्याचा आहे, कबूल. पण माझा धंदा कुलपांचा आहे, म्हणून सांगतो. दार बंद केलं म्हणून माणूस घरात जायचा थांबत नाही, तो खिडकी बघतो. किल्ली हरवलेले लोक माझ्याकडे येतात ते गुडघे फोडून घेतल्यावर. माफ करा, लांबलं. तुम्ही पूल बंद केलात की पोरं पाइपावरून जातील. पाइपाचं आधी बघा, मग पुलाचं बघा.”

एकोणिसाव्या वर्षी त्या लघुलिपी शिकायला जात, तेव्हा शिकवणारे गृहस्थ रोज बजावत: ऐकलंत ते लिहा, समजलंत ते लिहू नका. तेव्हा हे सोपं वाटलं होतं. किल्लीवाल्यानं मान्य केलं होतं हे खरंच होतं. त्यांनी एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं, आणि हीच गोष्ट त्यांना टोचत राहिली.

अध्यक्षांना त्यांनी वही दाखवली. ते समजुतीनं बोलले. सही झालेलं कार्यवृत्त असं उघडता येत नाही, तो माणूस मान्य आहे म्हणाला तर होताच, आणि आता यात तुमचंच नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यात दमदाटी नव्हती. सगळं मुद्देसूद होतं. बाई घरी आल्या त्या तोंड उतरवून. जेवताना सासऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं, की आपणही पार लांबून सुरुवात करतोय: खोलीच्या दारापासून, फाइलीच्या दोरीपासून. सासऱ्यांनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, “मग सभा कधी आहे?”

सभा गुरुवारी होती. मागच्या कार्यवृत्तांबाबत कुणाला काही सांगायचं आहे का, हा प्रश्न दर सभेला रिवाज म्हणून विचारला जाई आणि कुणीही उत्तर देत नसे. त्या दिवशी डावीकडच्या टेबलाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी वही टेबलावर उघडी ठेवली आणि वाकून वाचली. किल्लीवाल्याची सगळी वाक्यं, कुलपांसकट. मग म्हणाल्या, “हे ते बोलले होते. मी यातलं एकच वाक्य ठेवलं. बाकीचं मला फापटपसारा वाटला. चूक माझी आहे, ती माझ्या नावानं नोंदवा.”

या वेळी कुणी हसलं नाही. एका सदस्यानं बाईंची बाजू घेतली, दुसऱ्यानं नियम काढला, आणि तासाभराच्या वादानंतर दोन मतांनी विषय पुन्हा खुला झाला. आपण बोलत असताना टिपण घ्यायला बाईंनी शेजारच्या खोलीतल्या लिपिकाला आधीच आणून बसवलं होतं. त्यानं लिहिलं होतं: ‘लघुलेखिकांनी किरकोळ दुरुस्ती सुचवली.’ बाईंनी ते वाचलं आणि त्या सबंध आठवड्यात पहिल्यांदा त्यांना हसू आलं. त्याच्याशेजारी बसून त्यांनी ते त्याच्याकडूनच नीट लिहून घेतलं.

पाइपावर चढता येऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना जाळी बसली. पुलाच्या निम्म्या फळ्या बदलून, एका वेळी एकानंच जायचं अशा अटीवर तो महिन्यात उघडला. नवा पूल व्हायला तीन वर्षं लागली. नातीचा हात बरा झाला, पण कोपरात जरा वाकडा राहिला. बाईंना समज देणारं पत्र मिळालं. ते टंकलिखित करून आपल्याच फाइलीत लावायचं कामही त्यांच्याकडेच आलं.

त्यानंतरच्या कार्यवृत्तांची पानं वाढली. सदस्य कुरकुरले. काहींनी आपलं बोलणं जसंच्या तसं छापलेलं पाहिलं आणि सभेत जरा जपून तोंड उघडायला लागले. सुनावणीला आलेल्या नागरिकांना मात्र बाई दुसऱ्या दिवशी बोलावून घेत आणि लिहिलेलं वाचून दाखवत. कुणी नुसतीच मान हलवी. कुणी ऐकता ऐकता ओशाळे आणि म्हणे, बोललो खरा, पण म्हणायचं तसं नव्हतं. मग त्याचं ते म्हणणं खाली वेगळं लिहून त्याची सही घेतली जाई.

एकदा नळाच्या तक्रारीसाठी एक म्हातारी आली होती. बाईंनी तिचं बोलणं वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. ऐकून झाल्यावर आणखी एकदा.

“काही चुकलंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही गं. सगळं बरोबर आहे,” म्हातारी म्हणाली. “ऐकायला बरं वाटतंय.”

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.