गाडीसाठी ठेवलेलं पाणी

माझी जीभ तिखट आहे, देवबागात कोणालाही विचारा. पर्यटकांना दोन खोल्या देते, त्यांच्यासाठी रांधते आणि गाडीचं बॉनेट स्वतः उघडते, त्यामुळे वाडीतल्या पुरुषमंडळींना मी जरा जडच जाते. गाडी बाबांची. जुनी, डिझेलची, काचा हाताने फिरवायच्या. वीस-बावीस वर्षं त्यांनी तिच्यातून कुडाळ-कणकवली स्टेशनावरचे प्रवासी आणले आणि पोचवले. स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मग त्यांच्या किडन्या गेल्या, आई तर आधीच गेली होती, तेव्हा गाडी आणि बाबा दोन्ही माझ्याकडे आले.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी कणकवलीला डायलिसिस. एसटीने नेण्याजोगी त्यांची तब्येत नव्हती, म्हणून सगळी भिस्त त्या गाडीवर. आणि दुसरी भिस्त माझ्या मापावर. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं, दिवसाला पाऊण लिटर, चहा, पेज, आमटी सगळं धरून. त्यावर गेलं की त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. आधी पायांत उतरतं, मग फुप्फुसांत चढतं, आणि माणूस घरात बसल्या जागी बुडतो. बुडतो हा शब्द त्यांचाच. समुद्र आणि खाडीच्या मधे जन्म काढलेल्या आम्हाला तो शब्द वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

त्या दिवसापासून मी कडक झाले. एका बाटलीवर पेनाने रेघ मारली आणि सकाळी त्या रेघेपर्यंत भरून द्यायची. चहा केला की तेवढं बाटलीतलं कमी करायचं. शहाळं बंद, सोलकढी बंद. अंगणात पाच माड उभे आणि बाबांना त्यांच्याकडे नुसतं बघायचं. ते कुरकुर करत नसत. बाटलीचं झाकण भरून पाणी घ्यायचे, तोंडात फिरवायचे आणि मग सावकाश गिळायचे. मला वाटायचं, चला, पटलंय त्यांना.

गाडीने पहिला दगा दिला तो उन्हाळ्यात, कसालच्या अलीकडच्या चढावर. बॉनेटमधून वाफ, काटा लालच्याही पलीकडे. बाबा म्हणाले, बंद कर आणि हात लावू नको, आधी निवू दे तिला. अर्ध्या तासाने उघडलं तर रेडिएटरचा खालचा पाइप चिरलेला. त्यांनीच बसल्या जागेवरून सांगितलं आणि मी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. कणकवलीपर्यंत पोचलो. त्या दिवशी आम्ही दोघं फार खूश होतो, खोटं कशाला सांगू.

कणकवलीत हायवेला बाबांचे जुने मिस्त्री आहेत. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, बाबांच्या बरोबरीचे. मी त्यांना चाचा म्हणते. त्यांनी पाइप बदलला आणि रेडिएटरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे हिरवट पांढरी खपली धरली होती.

"पाणी खंयचा घालतंस?"

"घरच्या बावीचा."

"देवबागचा? गो बाय, त्या मचूळ पाण्यान लोखंड खाल्लान. गोडा पाणी घाल."

आता आमच्याकडे हे असंच चालत आलंय. बाटलीतलं रंगीत कूलंट शहरातल्या लोकांनी घालावं, आम्ही कळशीने विहिरीचं ओततो. आणि आमची विहीर मे महिन्यात मचूळ होते, ते चहाला कळतं, पण गाडीला कळेल हे कोणाच्या डोक्यात येत नाही. चाचांनी रेडिएटर उतरवून खपलीच्या जागी झाळून डाग दिला, आणि सांगितलं, अजून कुठून गळतं ते समजेपर्यंत कूलंट ओतून फुकट घालवू नको, साधं गोडं पाणीच घाल. कट्टा गावाजवळ, वाटेवरच, माझ्या मावशीचं घर. तिच्या पोफळीच्या बागेतली विहीर म्हणजे अमृत. जाताना तिथे थांबून मी पाच लिटरचा कॅन भरून घ्यायला लागले आणि तो बाबांच्या सीटमागे ठेवायचा असं ठरलं.

पहिल्यांदा कॅन ठेवला तेव्हा ते हसले होते. "गाडयेक गोडा पाणी, नि माका माप."

मीही हसले. काय हसायचं होतं त्यात, देव जाणे.

परतीच्या वाटेवर मालवणात मी बाजाराला उतरायचे. मासळी, भाजी, खोल्यांसाठी लागेल ते. बाबा गाडीत बसायचे. एकदा म्हणाले, तू जा, गाडी जरा निवली की पाणी मी बघतो. रेडिएटरचं पाणी ड्रायव्हरने स्वतः बघायचं हा त्यांचा नियमच होता, आणि चाक माझ्या हातात गेल्यापासून त्यांच्याकडे तेवढंच काम उरलं होतं. मला बरंच वाटलं. परत आले की सांगायचे, "तांब्याभर घातलंय." कधी दोन. मी कॅन हलवून बघायचे, तेवढा हलका झालेला असायचा. सकाळी झाकण उघडावं तर रेडिएटर काठोकाठ. म्हणजे जाता-येता गळतं आणि बाबा भरतात, हिशोब सरळ होता.

मग मी गळती शोधायला लागले. गाडीखाली पुठ्ठा अंथरला, कोरडा. क्लिपा आवळल्या. झाकणाचं रबर बदललं. चाचांनी वॉटर पंपाला हात घालून तो डुगडुगतो म्हणून नवा बसवला. पुढच्या मंगळवारी बाबा म्हणाले, "तांब्याभर घातलंय." माझं डोकं फिरलं. चाचांनी हवेचा पंप लावून दाब दिला, काटा एक रेघ हलला नाही. ते डोकं खाजवत बसले. गरमही होत नाही, बाहेर थेंब नाही, मग पाणी जातं कुठे? एकच राहिलं, आतलं गॅस्केट. इंजिनाचं हेड उघडावं लागेल, म्हणाले.

आणि तिकडे डायलिसिसला वेगळंच. सुई टोचायच्या आधी वजन करतात. दोन खेपांच्या मधे दीड-दोन किलो वाढलं तर चालतं, बाबांचं तीन वाढायचं, साडेतीन. सिस्टर मला बाजूला घेऊन बोलायची, ताई, पाणी देताय तुम्ही त्यांना. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन मी पाण्याचा पिंप कुलपाच्या खोलीत ठेवला. शेजारच्या काकी त्यांना चोरून चहा देतात असं मनात घेतलं आणि त्यांच्या दारात उभी राहून नाही नाही ते बोलले. त्या बिचाऱ्या रडल्या. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

हेड उघडलं त्या दिवशी आम्ही डायलिसिस आटपून तिथेच बसलो होतो. बाबा खुर्चीत. ज्या इंजिनाला त्यांनी परक्याचा हात लागू दिला नव्हता ते त्यांच्यासमोर पाना लावून सुटं होत होतं, एकेक बोल्ट डब्यात पडत होता. चाचांनी गॅस्केट उजेडात धरलं. साबूत. ते बाबांकडे बघून म्हणाले, "तुजा इंजिन अजून धा वर्सा चलात रे." बाबा खाली बघत राहिले. मला वाटलं, गाडीची दशा बघवत नाही त्यांना.

गाडी आठ दिवस गॅरेजात होती. त्या आठवड्यात भाड्याच्या रिक्षाने गेलो. दोन्ही खेपांना वजन अगदी बेताचं. सिस्टर म्हणाली, बघा ताई, मनावर घेतलं की जमतं. मी ऐटीत मान डोलावली. पिंपाला कुलूप घातल्याचा गुण, आणखी काय.

गाडी परत देताना चाचांनी एक केलं. रेडिएटरच्या झाकणापासून त्याखालच्या मानेपर्यंत पिवळ्या रंगाचा एक बारीक फराटा ओढला. झाकण फिरलं तर फराटा तुटणार. म्हणाले, किती वेळा उघडावं लागतं ते तरी बघू, तूही सकाळी उघडू नको. बाबा तेव्हा लघवीला म्हणून आत गेले होते. लघवी कसली, थेंब दोन थेंब, पण सवय सुटत नाही माणसाची.

पुढच्या मंगळवारी मालवणात मी बांगडे घेऊन आले. बाबा म्हणाले, "दोन तांबे घातलंय आज."

मी बॉनेट उघडलं. फराटा होता तसा होता. बोटाने पुसून पाहिला, रंग वाळून पक्का झालेला. झाकणाला कोणी हात लावला नव्हता. सीटमागचा कॅन उचलला तर अर्धा. सगळं एकदम कळलं. तांबे, वजनं, काकी, हेड, सगळं. चार तास मशीनला लागून अंगातलं पाणी काढून घेतलेला माणूस, जिभेला कोरड, आणि हाताच्या अंतरावर मावशीच्या विहिरीचं गोडं पाणी. ते मीच भरून आणून ठेवत होते, आठवड्यातून दोनदा. तहान एवढी होती की स्वतःचं इंजिन फुकट उघडलेलं त्यांनी बघितलं आणि तोंडातून शब्द काढला नाही.

त्या क्षणी मला त्यांची दया यायला हवी होती. राग आला. भीतीचा असेल, पण बाहेर पडला तो रागच. मी कॅन घेऊन त्यांच्या खिडकीशी गेले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, भर बाजारात, तो रस्त्यावर उपडा केला. पाणी बदबदत राहिलं. लोक थांबून बघत होते.

"तुमका मरूचा आसा तर सरळ सांगा. मी गाडी हाकूची बंद करतंय."

बाबा त्या वाहत्या पाण्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "तान लागता गो. तुका काय सांगू."

दुसऱ्या दिवशी बाजारातून हिरवं कूलंट आणलं, गाडीत घातलं, उरलेलं कॅनमध्ये ओतलं आणि कॅन त्यांना दाखवला. "ह्या वीख आसा, बाबा. वासव घेव नका." त्यांनी मान हलवली. पुढे गाडीने कधी पाणी मागितलं नाही, बाबांनीही नाही. वजन दर खेपेला बेताचं. काकींच्या पाया पडून आले. मी डॉक्टरांना विचारलं, त्या महिन्यांत जे प्यायले त्याने किती बिघडवलं? ते म्हणाले, हृदय आधीपासून थकलेलं होतं, थोडा भार त्याचाही पडला असेल. थोडा म्हणजे किती, ते कोणी सांगू शकलं नाही.

पावसाळा सरल्यावर ते खचत गेले. मशीनवर रक्तदाब टिकेना. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता आणू नका, घरी ठेवा, मागतील ते द्या. मागतील ते द्या, हे त्यांनी दोनदा म्हटलं. मी ऐकलं. घरी आणून ओटीवर खाट टाकली. बाटलीवरची रेघ नखाने खरवडून काढली. पण बाबा काही मागेनातच. विचारलं तर हात हलवून नको म्हणायचे. सहा महिने मी शिकवलं होतं, ते पक्कं शिकले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी श्वास बदलला. काकी धावत आल्या, म्हणाल्या, तोंडात पाणी घाल गो, वेळ झाली. मी तुळशीचं पान बुडवून चमचाभर पाणी त्यांच्या ओठांत सोडलं. घशाची घाटी हलली. गिळलं त्यांनी. डोळे उघडले आणि तोंड पुन्हा उघडलं, आणखी हवं होतं त्यांना. वाटी भरलेली होती, चमचा माझ्या हातात होता.

आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, "आता पुरे, बाबा."

त्यांनी लगेच तोंड मिटलं. मी भानावर येऊन चमचा पुढे केला, बाबा, घ्या, घ्या हो, म्हटलं. पण ते पाणी गालावरून उशीवर गेलं.