उजव्या बाजूचे आटे

आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याबद्दल मी जे काही सांगतो, त्यातलं निम्मं त्याच्या बायकोला मान्य नसतं. वहिनी पंक्चर काढायला म्हणून दुकानात आली ती परत गेलीच नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलोय. त्यावर ती म्हणते, "पंक्चर नव्हतंच मुळी. ह्यांनीच हवा सोडली होती!"

माणूस तिरसट. गिऱ्हाईक आलं की आधी त्याची खरडपट्टी. दाताच्या डॉक्टराला म्हणाला होता, "लोकांना घासा घासा म्हणून सांगता, आणि स्वतःची चेन बघा, काळीकुट्ट!" तरी डॉक्टर पुन्हा त्याच्याचकडे यायचा. ह्याने हात लावलेला ब्रेक कधी दगा देत नसे.

अलीकडे मात्र तो एकच चहा दोनदा मागवू लागला होता. हातातला पाना दुकानभर शोधायचा. मी चेष्टा करायचो. वहिनीही हसायची, पण जरा उशिराने. लेकीने एकदा "बाबांना दाखवून आणू या" म्हटलं, तर आई तिच्यावरच खेकसली, "वय झालंय त्यांचं. पुन्हा हा विषय काढू नकोस."

त्या रविवारी लेक आपली ग्रॅव्हल बाइक घेऊन आली. खडीच्या, मातीच्या वाटांवर पळवायची जाड टायरची सायकल. बापाने एकेक भाग जमवून स्वतः जुळवलेली. पायडल मारलं की खालून करकर आवाज येत होता. त्याने क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, धरून हलवला. डगडगला.

"बीबी गेली. लोळवलीस ना चिखलात म्हशीसारखी?"

"मग काय, कपाटात ठेवायला दिली होतीत?"

बीबी म्हणजे दोन पायडलांच्या मधोमध, फ्रेमच्या पोटात बसलेलं बेअरिंग. ते दोन्ही बाजूंनी आट्यांवर घट्ट आवळलेलं असतं, आणि ह्या सायकलीच्या उजव्या बाजूचे आटे उलटे. नेहमीच्या दिशेने उघडायला गेलात तर ते आणखी आवळलं जातं. मला घरातला बल्बसुद्धा बदलता येत नाही, पण एवढं ठाऊक आहे. लेक लहान असताना तो तिला ओरडून ओरडून हेच शिकवायचा आणि मी बाहेर बाकावर बसून ऐकायचो.

त्याने दोन्ही क्रँक सफाईने उतरवले. उजव्या बाजूला पाना लावला आणि फिरवला. हलेना.

"गंजलंय," म्हणत त्याने पान्यावर लांब पाइप चढवला. लेकीने फ्रेम धरली. तिने त्याच्या हातांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने अंगाचा सगळा भार टाकला.

कट्ट् आवाज झाला. पाना सैल फिरला. बाहेर आलेल्या बेअरिंगच्या वाटीबरोबर ॲल्युमिनियमचे चकचकीत कीस त्याच्या तळहातावर पडले. फ्रेमच्या आतले आटेच सोलून निघाले होते.

त्याने ते कीस बोटाने चाळवून बघितले. "मी कुठल्या बाजूला फिरवलं?"

"गंजलेलंच होतं ते," गल्ल्यावर बसलेली वहिनी घाईघाईने म्हणाली.

"तू थांब गं जरा." आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. तो लेकीकडे वळला. "तुला दिसलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही करताय म्हटल्यावर... वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

तो स्टुलावर बसला. "फ्रेम दुसरी आणता येईल गं. पण ह्या जागी कुणाचा ब्रेक असता तर?"

लेकीने त्याचा हात पुसायला घेतला. एकेक कीस वेचत होती, कुठे टोचू नये म्हणून.

तेवढ्यात पलीकडच्या इमारतीतल्या बाई त्यांच्या मुलीची सायकल ढकलत आल्या. "भाऊ, ब्रेक लागत नाहीये हो. बघता?"

सवयीने त्याचा हात पुढे गेला. मग त्याने तो मागे घेतला. "ब्रेक... आता मी नाही करत."

"अहो, म्हणजे? तुम्ही नाही तर कोण करणार?"

तो सांगायला लागला, पण सांगता येईना. वहिनी गल्ल्यामागून उठून पुढे आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यांना हल्ली विसरायला होतं," ती म्हणाली.

तो मान डोलावत राहिला.