अर्ध्या भातावरचं बाळंतपण

मला पाचवा महिना लागला तेव्हा मायचं पत्र आलं. मायला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि धाकटी बहीण लिहून द्यायची. बहीण तेव्हा आठवीत होती, अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. माझी शाळा सहावीतच सुटलेली, त्यामुळे मी बोट ठेवून एकेक शब्द वाचायची. खुशालीच्या दोन ओळी झाल्यावर लिहिलं होतं, ‘आता पोटभर जेवू नोको. सकाळी आंबील घेजो, दुपारी अर्ध्या ताटाच्या वर भात घेऊ नोको, संध्याकाळी पेज. पोट भरलं का मूल वाढते अन मूल वाढलं का अडते. माह्ये तीन दिवस ध्यानात ठेवजो.’

तिचे तीन दिवस मी कशी विसरणार? सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात ते सगळ्यांना तोंडपाठ होते. माझ्या वेळी माय तीन दिवस अडून पडली होती. सुईणीने हात टेकले, बैलगाडी जुंपून दारात आणली, आणि गाडीत घालायच्या आधी मी झाले. तिच्या मायचंही, म्हणजे माझ्या आजीचंही, असंच झालेलं. म्हणून या घरच्या लेकी अडतात, असा गावाने आमच्यावर शिक्काच मारला होता. मला पाहायला आलेल्या बाईने दुसराच प्रश्न तो विचारला. पहिला स्वयंपाकाचा आणि दुसरा, ‘पोरीच्या मायले बाळंतपणात लय त्रास झालता म्हणते, खरं काय?’ ज्याच्यासाठी आली होती तो पोरगाही कुणाच्या तरी पोटातूनच आलेला होता. त्याच्या मायला किती दिवस लागले, हे आमच्याकडच्या एकाही माणसाने विचारलं नाही. मुलाच्या बाजूने जसं काही उतरतच नाही!

तेव्हा मला राग आला नाही. भीती वाटली. मी जन्माची भित्री. राग यायला मला फार वर्षं लागली, आणि आता आला आहे तर तो जात नाही.

लग्न होऊन मी मुलचेऱ्याकडे आले. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता. नवरा जंगल खात्याच्या लाकूड डेपोत चौकीदार. माहेर एका दिवसाच्या वाटेवर, तीन गाड्या बदलून, आणि पावसात नाल्याला पाणी आलं की तेवढीही वाट नाही. सासू-सासरे नव्हते. त्यामुळे मायचं पत्र हाच माझा शहाणपणा. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा भात घ्यायला लागले. नवऱ्याला पत्र दाखवलं तर तो म्हणाला, ‘बायांचं बायांले समजते.’ आणि त्याचं ताट त्याने पूर्ण जेवलं.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी बोरिंगवर पाणी भरताना मला चक्कर आली आणि मी पाण्याच्या गुंडासकट चिखलात बसले. मला उठवलं ते बंगाली वस्तीतल्या एका बाईने. सरकारने वसवलेली त्यांची गावं आमच्या डेपोपासून हाकेच्या अंतरावर होती. ती टोपलीत मासोळ्या घेऊन डेपोच्या फाटकाशी विकायला यायची. बोलायची हिंदी, पण तिच्या पद्धतीची.

‘सुबह से क्या खाया?’

‘आंबील.’

‘और कल शाम को?’

‘पेज.’

‘पेज तो बीमार लोग खाता है. तुम बीमार है?’

मी रडत रडत तिला मायचं पत्र सांगितलं, तीन दिवस सांगितले. तिने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. ‘तुमारा मा को तीन दिन लगा, इसलिए तुम चार महीना भूखा रहेगा? ये कौन सा हिसाब है?’

त्या दिवशी तिने मला हाताला धरून घरी नेलं आणि मासोळीचं कालवण घालून भात वाढला. मी अर्ध्यावर थांबले तर म्हणाली, ‘बाकी आधा बच्चे का. वो क्या पेट में खाली बैठा है?’ मी तिला मासी म्हणायला लागले. त्यानंतर दुपारचं जेवण रोज तिच्याकडेच. ती माझी कुणी नव्हती, न जातीची, न बोलीची. तिचं स्वतःचं गाव तर सरहद्दीपलीकडे राहून गेलेलं. तिने जे मला खाऊ घातलं ते मी फेडू शकले नाही, फेडायची गोष्टच नव्हती ती. आजही भात वाढताना कधी कधी माझा हात तिच्यासारखा दाबून वाढतो.

मायला मात्र मी कळवलं, ‘तू सांगितलं तसंच करून राह्यली.’ खोटं लिहिलं. तिला वाईट वाटेल म्हणून, आणि भीतीनेही. उद्या खरंच अडले तर ती म्हणेल, सांगितलं होतं ना.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात, पाऊस लागायच्या आधी मी सिंदेवाहीला पोचले. मायने मला खालून वर पाहिलं.

‘तू तं काही वाळली नाई गं.’

‘प्रवासानं सुजली असन,’ मी म्हटलं.

‘पाणी चढलं असन अंगावर,’ ती म्हणाली, आणि ताटात अर्धा भात वाढला.

मासीने मुरमुऱ्याचे गुळातले लाडू डबाभर दिले होते, शिवाय सुकवलेल्या मासोळ्या. डबा मी गोठ्यात तणसाच्या ढिगात लपवला. माय शेतावर गेली की बहीण शाळेत, आणि मी गोठ्यात. चोरी केल्यासारखी खायची. चुलीवर मासोळी भाजली तर वास येईल म्हणून घमेल्यात दोन शेणकुटं पेटवून मागच्या परसात भाजायची. आपल्याच मायच्या घरात, पोटुशी बाई, चोरून खात होती! हे लिहिताना माझे कान तापतात.

रोवण्याचे दिवस आले. एका सकाळी बाया धानाची रोपं लावायला बांधीत निघत होत्या तेव्हा माझ्या कळा सुरू झाल्या, आणि बाया दुपारच्या भाकरीला परतल्या तोवर मुलगी झालीसुद्धा. सुईण तिला उचलून म्हणाली, ‘बाप्पा! केवढी पोट्टी हाये ही!’

आता मला सांगा. उपाशी राहिलं की मूल लहान होतं, आणि लहान मूल अडत नाही, हीच ना त्यांची युक्ती? मूल तर चांगलं दणकट झालं होतं. पण त्या खोलीतल्या एकाही बाईच्या डोक्यात ते आलं नाही. सगळ्या म्हणाल्या, मायची युक्ती लागू पडली. माय दारोदार सांगत फिरली, ‘माह्या पोरीनं मन मारलं, म्हणून एका सकाळीत मोकळी झाली. आमच्या घरचं मोडलं तिनं.’

मी बाजेवर पडून ऐकत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माय माझ्या उशाशी बसून पंखा हलवत होती, आणि तिच्या तोंडावरून तीन दिवसांची ती जुनी लाज पहिल्यांदा उतरलेली दिसत होती. त्या वेळी मी तिच्या उपकाराखाली होते. तोंड उघडलं नाही.

चार वर्षं गेली. बहिणीचं लग्न कुरखेड्याकडे झालं. दिवाळीनंतर तिचं पत्र आलं, माहेरून. तिला सहावा महिना होता. सासरी धान काढायला पाठवत होते म्हणून मायने लवकर आणून घेतलं होतं. ते पत्र मी अजून शब्दानिशी सांगू शकते. मला ती बाई म्हणायची. ‘माय म्हणते, बाईनं केलं तसंच कर. बाई, तू कशी गं राहत होती अर्ध्या भातावर? मले तं उठलं का डोळ्यापुढं अंधारी येते. पण तू केलं तर मी बी करीन. तुह्यासारखी हिंमत नाई माह्यात.’

माझी हिंमत! गोठ्यात बसून लाडू खाणारीची!

दुसऱ्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन मी पहिली गाडी धरली. चामोर्शीला आणि मग मूल गावाला गाडी बदलून सिंदेवाही. घरात शिरले तर पडवीत नव्या धानाची पोती रचलेली, पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या पोत्यांना टेकून माझी बहीण बसलेली. ओठ पांढरे. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, तीही पांढरी. पाय दाबला तर बोटाचा खड्डा तसाच राहिला. कोनाड्यात रक्त वाढायच्या लाल गोळ्यांची पुडी पडली होती, नर्सबाईने दिलेली, जशीच्या तशी.

‘ह्या काऊन नाई खाल्ल्या?’

‘माय म्हणते, त्यानं मूल मोठं होते.’

माय आली. मी पाणीसुद्धा प्याले नव्हते. म्हटलं, ‘माय, मी खाल्लं होतं.’

‘काय खाल्लं?’

‘सगळं. रोज पोटभर भात. मासोळ्या. अंडी. इथी आली तेव्हा बी खाल्लं, गोठ्यात बसून. तुले खोटं सांगितलं.’

ती आधी हसली. ‘बहिणीची दया आली म्हणून बनवून राह्यली.’

‘ह्या पोट्टीकडं पाह्य. अर्ध्या भातावर येवढी होते काय?’

मायने पोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता पटलं. आणि ती म्हणाली, ‘मंग तुह्यात तुह्या बापाच्या घरचं आलं असन. हे धाकटी माह्यावर गेली. हिले नाई जमणार.’

म्हणजे मी अडले असते तर मायवर गेले होते, आणि नाही अडले तर बापावर! उपाशी ठेवायला कुठलंही कारण चालत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा मायवर ओरडले. ‘तुह्या टायमाले तू काय खात होती, ते सांग!’

ती पोत्यावर बसली. मग म्हणाली, ‘माह्या मायनं दिलं ते. सकाळी पेज. दुपारी लाखोळीच्या डाळीचं पाणी अन मूठभर भात. रोवणा चालू होता, आदल्या दिवसापर्यंत बांधीत वाकून होती मी. तिसऱ्या दिवशी सुईण म्हणे, जोर कर. मी म्हटलं, जोर कुठून आणू?’

बहीण रडायला लागली. मायच्या तोंडूनच सगळं बाहेर आलं होतं, आणि तरी माय उठली, पदर खोचला, म्हणाली, ‘पण जित्ती राह्यली ना तू? काय मरू देलं काय तुले?’ आणि आत निघून गेली.

मी तिथेच ठाण मांडलं. नवऱ्याची दोन पत्रं आली, परत ये म्हणून. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. बहिणीला सगळ्यांच्या देखत, पडवीत बसवून, दिवसातून चार वेळा जेवू घातलं. गोळ्या माझ्या हाताने दिल्या. माय माझ्याशी बोलत नव्हती, पण अडवतही नव्हती. एकदा परसातून अंडी आणून चुलीजवळ ठेवून गेली. ते माझ्यासाठी होतं की बहिणीसाठी, मी विचारलं नाही.

बहिणीला एका सकाळी कळा लागल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा झाला. दीड दिवस. नर्सबाईला मी पहिल्याच दिवशी बोलावून बसवलं होतं. दोघंही जगली.

नर्सबाईला मी विचारलं, ‘खरंच मायचं लेकीत उतरते काय?’

ती हात धूत म्हणाली, ‘हाडांची ठेवण उतरत असेल थोडीफार. पण पहिलटकरणीला दीड दिवस लागतो, त्यात नवल नाही. हिच्या अंगात तेव्हा रक्तच नव्हतं. तसंच चालू राहिलं असतं, तर मी इथे दुसऱ्याच कामाला आले असते.’

ती गेली, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत काय पसरलं? ‘मोठी उपाशी राह्यली, ते एका सकाळीत मोकळी झाली. धाकटीले कोंबून कोंबून खाऊ घातलं, म्हणून दीड दिवस लागला.’

मी घरात शिरले. मायला विचारलं, ‘तू सांगितलं काय हे?’

‘मी नाई सांगितलं,’ ती बाळाला न्हाऊ घालत म्हणाली. मग हळूच, ‘पण खोटं बी नाई म्हटलं मी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले. पाच-सहा बाया होत्या. मी घागर खाली ठेवली आणि जोरात सांगितलं, मी उपाशी नव्हते. चोरून खात होते. लाडू, मासोळ्या, भात, सगळं. माझ्या नावावर कुणाच्या लेकीला, सुनेला उपाशी ठेवू नका.

त्या हसल्या. एक म्हातारी म्हणाली, ‘लेकरू होऊन गेल्यावर काही बी बोलता येते, बाई.’ दुसरी म्हणाली, ‘चोट्टी आहेस गं तू लहानपणापासून.’ घागरी भरून त्या निघून गेल्या. माझं बोलणं तिथेच सांडलं.

एक नवी सून मागे राहिली होती. पोट पुढे आलेलं, दोर हातात तसाच. सासू पुढे गेली हे तिने वळून पाहून घेतलं आणि मला विचारलं, ‘बाई, किती खात होत्या तुमी? म्हंजे, एका टायमाले?’

मी तिच्या हातातला दोर घेतला, तिची घागर ओढून काढली, आणि तिला सांगायला बसले.