काफ म्हणजे पोटरी

बारावीनंतर मी अमरावतीला नर्सिंगला लागले, तेव्हा आपल्याला इंग्रजी येतं असा माझा समज होता. अंजनगाव सुर्जीच्या बाजूला आमचा भाजीपाल्याचा मळा. शाळा मराठी. पण बारावीला मी इंग्रजीत पास झाले होते, आणि आमच्या घरात इंग्रजीत पास झालेली मी पहिलीच. बाबांनी शेजारच्या मळ्यांमध्ये पेढे वाटले होते.

पहिल्याच चाचणीत प्रश्न आला: पेशंटच्या काफमध्ये दुखत असेल तर नर्सने काय काय बघावं? काफ म्हणजे गाईचं वासरू, हे मी पाचवीपासून पाठ केलेलं. वासरू दुखण्यात आहे तर नर्सला कशाला विचारतात, असं क्षणभर वाटलं खरं. मग वाटलं, खेड्यात ड्युटी लागली तर हेही बघावं लागत असेल. आणि त्या पेपरात मला खात्रीनं येणारा तेवढा एकच प्रश्न होता. मी पानभर लिहिलं. वासरू दूध ओढतं का, पोट फुगलं आहे का, शेण पातळ आहे का, कान गार पडलेत का. शेवटी लिहिलं, ढोरांच्या डॉक्टरला लवकर बोलवावं.

दोन दिवसांनी आमच्या मॅडम पेपर घेऊन वर्गात आल्या. उंच, पन्नाशीच्या, साडीची इस्त्री कधी न मोडणाऱ्या. त्यांनी नाव न घेता माझं उत्तर वाचून दाखवलं. गार कानांपर्यंत वर्गानं कसंबसं आवरलं. ढोरांचा डॉक्टर आला आणि सगळा वर्ग फुटला. पोरी बाक वाजवायला लागल्या. मॅडम फळ्याकडे वळल्या आणि कोरा फळा बराच वेळ पुसत राहिल्या. मला वाटलं, फार रागावल्या. नाव घेतलं नव्हतं, पण माझं तोंड बघूनच सगळ्यांना कळलं. दुपारी मेसमध्ये एकीनं मला बघून हंबरून दाखवलं.

मी होस्टेलच्या फोनवरून घरी फोन लावला. "बाबा, मले घरी घेऊन जा."

"काहून वं? तब्येत बरी नाई काय?"

"तब्येत बरी हाय. मले हे जमून नाई राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाबा आले. हातात वांग्यांनी भरलेली पिशवी. कोणाकडे रिकाम्या हातानंही जाता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. माझी पेटी भरून तयार होती. नाव काढायला मॅडमची सही लागणार होती, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या खोलीत गेलो.

मॅडमच्या टेबलावर विटेएवढी जाड डिक्शनरी उघडी पडली होती. त्यांनी बाबांना खुर्ची दिली. बाबा बसेनात.

"पोरीनं काई वंगाळ केलं काय मॅडम?"

"नाही. तिनं जे लिहिलं ते एका काफचं बरोबर उत्तर होतं. मी दुसऱ्या काफबद्दल विचारलं होतं, आणि दोन काफ असतात हे मी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं."

त्यांनी डिक्शनरी माझ्याकडे वळवली. त्या पानावर काफ दोनदा छापलेला होता. एकावर बारीक एक, दुसऱ्यावर बारीक दोन.

"बघ. एकाच शब्दाचे दोन अर्थ असते तर एकाच ठिकाणी दिले असते. ही दोन वेगळी घरं आहेत. वासराचा काफ हा इंग्रजांचा जुना, घरचा शब्द. आणि काफ म्हणजे पोटरी, तो उत्तरेकडून, समुद्रापलीकडच्या लोकांबरोबर आला. पुढे दोघांचं बोलणं-लिहिणं सारखं झालं. नातं नाही."

बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण एक आणि दोन ते नीट निरखून बघत होते.

"असं हाय व्हय," ते म्हणाले. "आमच्या गावात एकाच नावाचे दोघं हायेत. एक इथलाच, एक निमाडातून आला. नातं ना गोतं. पोस्टमन याचं पत्र त्याले देते, त्याचं याले."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

"मंग मॅडम, पोस्टमन काय नोकरी सोडून देते काय?"

प्रश्न मॅडमना होता, पण बघत होते माझ्याकडे. मॅडमना हसू आलं. "नाही. विचारून घेतो."

"विचारून घेत जाय मंग," बाबा मला म्हणाले. वांगी त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीची एसटी धरली. मी खोलीवर जाऊन पेटीतले कपडे परत दोरीवर टाकले.

त्यानंतर वर्ग सुटला की मॅडम मला अर्धा तास बसवून घ्यायच्या. शब्द पाठ करायचा नाही, डिक्शनरीत त्याचं घर शोधायचं, एवढाच नियम. लाइम म्हणजे लिंबू आणि लाइम म्हणजे चुना. लिंबाचा शब्द तिकडे अरब-इराण्यांच्या मुलखातून गेला, म्हणजे आपल्या लिंबाचाच भाऊबंद, आणि चुन्याचा त्यांच्या घरचा. त्या दिवशी मी लहान मुलासारखी खूश झाले होते. मग आपल्याही बोलण्यात सापडायला लागलं: गळ्यातला हार आणि खेळातली हार, पाण्यातली नाव आणि माणसाचं नाव. आपली भाषाही असाच गोंधळ घालते आणि आपण तिला भीत नाही, हे कळल्यावर इंग्रजीची भीती कमी झाली. पार गेली असं नाही. पण तीन वर्षांत मी पास होऊन बाहेर पडले.

आता मी अकोल्यात, जठारपेठेजवळच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. मागच्या वर्षी तिथे एक म्हातारे शेतकरी भरती झाले होते. किडनीचा त्रास. घरी जाताना त्यांना नेहमीसारखा इंग्रजीतला पथ्याचा कागद मिळाला. दहा दिवसांनी ते सुनेबरोबर तपासून घ्यायला आले, ते एका हातानं कमरेशी पायजमा गच्च धरून.

"बाबाजी, पायजम्याले काय झालं?" मी विचारलं.

"नाडी काढून टाकली ना. कागदावरच लिवलं हाय."

सुनेनं फोन पुढे केला. तिनं कागदाचा फोटो काढून फोनकडून मराठी करून घेतलं होतं. कागदावर होतं, पल्सेस टाळा. फोननं सांगितलं होतं, नाडी टाळा.

"पोटावर दाब येत असन मनून सांगतलं असन, असं आमी समजलो," म्हातारबाबा म्हणाले. "बाकी पथ्य बराबर हाय. वरण दोन टाइम खातो. ताकद पायजे ना."

मला हसू आलं नाही. त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात होता आणि तो आधीपेक्षा बिघडलेला होता. मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसले आणि सांगितलं, पल्स हे दोन शब्द आहेत. एक मनगटावर लागणारा नाडीचा ठोका, एक डाळ. ते लॅटिनमधल्या दोन वेगळ्या शब्दांपासून आले. डॉक्टरांना डाळ म्हणायचं होतं, ती किडनीला जड जाते.

"मंग सरळ डाळ लिवाले काय झालं होतं?"

मी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते आधी हसले. मग रिपोर्ट बघितला आणि हसायचे थांबले. त्या दिवसापासून प्रत्येक कागदावर खाली मराठी मजकूर मी लिहिते, आणि तो पेशंटला वाचून दाखवल्याशिवाय कागद देत नाही. महिनाभरानं म्हातारबाबांचा रिपोर्ट सुधारला. ते नाडी बांधून आले होते. वरण सुटल्याचं दुःख मात्र त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकवलं.

दिवाळीला माहेरी जाताना मी वाट वाकडी करून अमरावतीला गेले. मॅडम आता रिटायर आहेत, एकट्या राहतात. नाडीची गोष्ट ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसले.

"तुझं उत्तर वाचलं तेव्हा मी फळ्याकडे का वळले होते, माहीत आहे?"

"रागावल्या होत्या ना?"

"हसू आवरेना म्हणून वळले. घरी गेले तर जेवण जाईना. पोरीनं जे येत होतं ते इतकं मनापासून लिहिलं, आणि मी वर्गासमोर वाचून हसले. ते दोन काफ वेगळ्या घरांतले, हे मला तरी कुठे माहीत होतं? त्या शब्दासाठी डिक्शनरी मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली."

म्हणजे ती उघडी डिक्शनरी माझ्याआधी त्यांच्यासाठी होती. शिकवणाऱ्या बाईनं आपली चूक शोधली, आणि माझ्या बापाला खुर्ची देऊन ती सांगितली. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी माझा हात धरून थांबवलं. "त्यापेक्षा ह्या गोळ्यांच्या पाकिटांवर मोठ्या अक्षरात लिहून दे. बारीक दिसत नाही आता."

मी एकेका पाकिटावर लिहिलं, सकाळी, दुपारी, झोपताना. त्या मागे उभ्या राहून तपासत होत्या. एका ठिकाणी माझी वेलांटी चुकली होती. ती त्यांनी खोडून पुन्हा लिहायला लावली.